बीज कोणाचे, क्षेत्र कोणाचे, कूळ कोणते?

गेल्या पावसाळ्यात एक आजी आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या चिकित्सालयात आल्या. सोबत मुलाची आई होती. आभाळ भरून आले की मुलाला श्वास लागतो, रात्री उठून बसावे लागते, अशी तक्रार होती. तपासणी झाली आणि नेहमीच्या क्रमाने मी रुग्णपत्रिकेतील कुलवृत्ताच्या रकान्याशी आलो. "घरात आणखी कोणाला दमा?" असे विचारताच आजी म्हणाल्या, "आमच्या घरात दमा नांदतोच, डॉक्टर. ह्याच्या आजोबांना होता, धाकट्या चुलत्याला आहे. पोरानं त्यांचंच उचललंय." सांगण्यात तक्रार कमी आणि आपलेपणा अधिक होता. मी लिहिले : पितामह व पितृव्य, तमकश्वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची आई एकटीच आली. औषध संपलेले नव्हते. खोलीत दुसरे कोणी नाही याची खात्री करून ती म्हणाली, "काल सासूबाईंनी सांगितलं ते कागदावर लिहिलंत का? ते खोडा, डॉक्टर. ह्यांच्याकडचं काही लिहू नका."

मग हळूहळू खुलासा झाला. मुलाचा जन्म अज्ञात दात्याच्या शुक्राणूंपासून झालेला होता. ही गोष्ट ती, तिचे पती आणि वंध्यत्व-चिकित्सा केंद्रातील डॉक्टर यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. सासूबाईंना नव्हती आणि मुलालाही नव्हती. आता ती मला ठाऊक झाली.

प्रजननतंत्रज्ञानामुळे कुटुंबसंस्थेचे काय होणार, ही चर्चा व्याख्यानांतून आणि परिसंवादांतून मोठ्या शब्दांत होत असते. तालुक्याच्या गावी बसणाऱ्या माझ्यासारख्या वैद्यापर्यंत तो बदल रुग्णपत्रिकेतील एका रकान्यातून येऊन पोहोचला. कुलवृत्त म्हणजे नेमके कोणत्या कुळाचे वृत्त, हा प्रश्न आपल्या पिढीपूर्वीच्या वैद्याला पडलेला नव्हता. तो आपल्याला पडला आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारे बरेचसे साहित्य आपल्याच शास्त्रात आहे, असे मला वाटते. त्या दृष्टीने काही विचार वैद्यबंधू-भगिनींसमोर आणि औषधी व्यावसायिकांसमोर मांडतो.

अर्धशतकाचा प्रवास

शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले जगातील पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले. त्यामागे रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांचे परिश्रम होते. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पहिल्या जन्मानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले असे अपत्य जन्मले. त्यांच्या दाव्यावर शासकीय समितीने विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची टिपणे अभ्यासून १९९७ साली त्यांच्या कार्याला न्याय मिळवून दिला. विशेष म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या कार्याला तोपर्यंत भारतातील पहिले मानले जात होते, तेच हे आनंद कुमार. त्यांच्या सहकार्याने डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बालक जन्मास घातले होते.

कोलकात्याच्या त्या मुलीची ओळख तिच्या घरच्यांनी लोकनिंदेच्या भयाने दीर्घकाळ गुप्त ठेवली. बीज आणि क्षेत्र दोन्ही तिच्या स्वतःच्या माता-पित्यांचेच होते. तरीही लपवावेसे वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे तंत्र वेगाने वाढले. गोठवून ठेवलेल्या गर्भापासून १९८४ साली ऑस्ट्रेलियात मूल जन्मले. एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धती १९९२ साली बेल्जियममध्ये यशस्वी झाली आणि अत्यल्प शुक्राणू असलेल्या पुरुषांनाही स्वतःचे अपत्य होणे शक्य झाले. दुसऱ्या स्त्रीच्या बीजातील सूक्ष्म घटक वापरून, म्हणजे तीन व्यक्तींच्या अंशांतून, जन्मलेल्या आठ बालकांची माहिती ब्रिटनमधील न्यूकॅसलच्या चमूने २०२५ साली प्रसिद्ध केली. जगभरात शरीरबाह्य फलनातून जन्मलेल्यांची संख्या आज एक कोटीच्या पुढे गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार सहापैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. तेव्हा हा विषय मूठभर श्रीमंतांचा राहिलेला नाही.

पुराणांतील दाखले : काय घ्यावे, काय सोडावे

या विषयावर आपल्याकडे लेख लिहिला गेला की गांधारीचे तुपाने भरलेले कुंभ आणि देवकीच्या उदरातून रोहिणीच्या उदरात गेलेला संकर्षण यांचा उल्लेख हमखास येतो, आणि हे तंत्र आपल्या पूर्वजांना अवगत होते असा निष्कर्ष काढला जातो. मला हा निष्कर्ष मान्य नाही. ज्या तंत्राची उपकरणे, पद्धती व परंपरा यांपैकी काहीच आपल्या संहितांत नाही, ते आपले होते असे म्हणण्याने शास्त्राचा गौरव होत नाही.

मात्र त्या कथांमधून आणि स्मृतिग्रंथांमधून एक वेगळी गोष्ट निश्चितपणे कळते. अपत्याचे नाते एकाच प्रकारचे असते, असे त्या समाजाने मानले नव्हते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात औरस, क्षेत्रज, दत्तक, कानीन, गूढोत्पन्न अशा बारा प्रकारच्या पुत्रांची गणना आहे. बीज देणाऱ्याचा अधिकार मोठा की क्षेत्राच्या स्वामीचा, याचा वाद तेथे आहे. त्या व्यवस्थेत स्त्रीला केवळ क्षेत्र मानले गेले, तिच्या इच्छेला स्थान नव्हते, नियोगाच्या वेळी अंबिकेने डोळे मिटून घेतले हे महाभारतच सांगते. त्या व्यवस्थेचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु प्रत्येक प्रकारच्या अपत्याला तेथे नाव होते. ते कोठून आले हे कुळाला ठाऊक असे.

दत्तकाचेही तसेच. आपल्या महाराष्ट्रात दत्तकविधान होत असे ते होम करून, भाऊबंदांना बोलावून, पंगत मांडून. बडोद्याचे सयाजीराव महाराज १८७५ साली मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक गेले, कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले. ही गोष्ट तेव्हा सर्वांना ठाऊक होती आणि आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या दोघांच्या पुत्रत्वात किंवा राजेपणात काडीइतकेही न्यून आले नाही.

दात्याच्या बीजापासून झालेल्या मुलाचे विधान मात्र कोणी मांडत नाही. २०२१ च्या साहाय्यक प्रजननतंत्र कायद्याने असे अपत्य त्या दांपत्याचेच जैविक अपत्य मानले आहे, त्याला सर्व हक्क दिले आहेत, आणि दात्याचे पालकत्वाचे सर्व अधिकार संपुष्टात आणले आहेत. कायद्याने मुलाला औरसाचे स्थान दिले, पण घराने त्याला गूढोत्पन्न करून ठेवले, अशी ही विसंगती आहे.

चार घटकांची फाळणी

गर्भसंभवासाठी ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज हे चार घटक सुश्रुताचार्यांनी सांगितले, हे आपण प्रथम वर्षापासून पाठ करीत आलो. अंकुराचा दृष्टांतही आपल्याला ठाऊक आहे. हे चारही घटक एका दांपत्याच्या ठायी एकत्र येतात, हे गृहीतच होते. तंत्रज्ञानाने नेमकी येथेच फाळणी केली. ऋतु संप्रेरकांच्या सूचिकाभरणाने ठरवता येतो आणि बीज गोठवून तो अनेक वर्षे पुढेही ढकलता येतो. बीज बीजपेढीतून येते. क्षेत्र दुसऱ्या स्त्रीचे असू शकते. अंबु पहिले काही दिवस काचपात्रातील द्रवाच्या रूपाने आणि पुढे नऊ महिने त्या दुसऱ्या स्त्रीच्या आहाररसाच्या रूपाने मिळते.

चरकाचार्यांनी तर गर्भाला मातृज, पितृज, आत्मज, सात्म्यज, रसज आणि सत्त्वज अशा सहा भावांचा समुदाय म्हटले आहे. गर्भ केवळ माता-पित्यांच्या बीजाने होत नाही, हे खुड्डिका गर्भावक्रांती अध्यायातील प्रतिपादन आज नव्या अर्थाने वाचावे असे आहे. बीज म्हणजेच सर्व काही, असे मानणाऱ्या आजच्या समाजाला आपले शास्त्र सांगू शकते की बीज हा अनेकांतील एक घटक आहे. दात्याच्या बीजापासून झालेले मूल "आपले नाही" असे मानणाऱ्या पित्याला हा आधार लहान नाही.

परंतु हेच शास्त्र दुसरी बाजूही सांगते. बीज हा अनेकांतील एक घटक असला, तरी तो आहेच.

आदिबल आणि जन्मबल

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार येतात. त्यांतील पहिले दोन येथे महत्त्वाचे. शुक्रशोणिताच्या दोषाने होणारे ते आदिबलप्रवृत्त. कुष्ठ, अर्श इत्यादी त्यांत मोडतात आणि त्यांचे मातृज व पितृज असे भेद आहेत. गर्भिणीच्या अपचाराने होणारे ते जन्मबलप्रवृत्त. त्यांचेही रसकृत आणि दौहृदापचारकृत असे दोन भेद. प्रमेहाच्या संदर्भात बीजदोषाने आलेला व्याधी असाध्य होतो, असे चरकाचार्यांनी बजावले आहे.

आजवर आदिबल आणि जन्मबल ही दोन्ही एकाच मातेकडून येत, म्हणून व्यवहारात आपण त्यांचा भेद फारसा करीत नव्हतो. गर्भधारणा दुसऱ्या स्त्रीच्या उदरी झाली की हा भेद प्रत्यक्ष होतो. आदिबल बीज देणाऱ्यांकडून, जन्मबल गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीकडून, आणि पुढील सात्म्य ज्या घरात मूल वाढते त्या घराकडून. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे वर्गीकरण आजच्या रुग्णपत्रिकेला असे उपयोगी पडेल, याची मला कल्पना नव्हती.

माझ्याकडील त्या मुलाच्या बाबतीत चिकित्सा फारशी बदलली नाही. परंतु हाच मुलगा चाळिशीत मधुमेहाच्या शंकेने आला असता, किंवा विवाहापूर्वी थॅलेसेमिया अथवा सिकलसेलचा प्रश्न निघाला असता, तर ती एक चुकीची ओळ घातक ठरली असती. नव्या कायद्याने दात्याच्या एड्स, ब व क प्रकारची कावीळ आणि फिरंग या संसर्गांच्या चाचण्या बंधनकारक केल्या आहेत. त्या चाचण्या त्या दिवसापुरते सांगतात. दात्याला पुढे पन्नाशीत कोणता विकार जडला, हे वृत्त मुलाच्या रुग्णपत्रिकेपर्यंत कधीच येत नाही.

येथेच गोत्राचाही विचार येतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच अतुल्यगोत्रीय असे आहे. समान रक्तसंबंधात विवाह टाळावा हा त्यामागील व्यवहार सर्वांना परिचित आहे. मुलाचे गोत्र पित्याचे लागते आणि ते लागावेच. परंतु रक्ताचे गोत्र अज्ञात राहिले, आणि एकाच दात्याचे बीज एकाच परिसरातील अनेक घरांत गेले, तर अतुल्यगोत्राची खात्री कोण देणार? २०२१ च्या कायद्याने एका दात्याचे बीज एकाहून अधिक दांपत्यांना देण्यास मनाई केली, ती या दृष्टीने योग्य आहे. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलांना मात्र हे संरक्षण नव्हते.

घरातील नाती

भारतात मोबदला देऊन दुसऱ्या स्त्रीकडून गर्भ वाढवून घेण्याचा व्यवहार दोन दशके मोठ्या प्रमाणावर चालला. गुजरातमधील आणंद हे गाव त्यासाठी जगभर ओळखले जाऊ लागले. २००८ साली तेथे जपानी दांपत्यासाठी एका मुलीचा जन्म झाला. जन्मापूर्वीच त्या दांपत्याचा घटस्फोट झालेला होता. बीज देणारी, उदरी वाढवणारी आणि करारातील पत्नी अशा तीन स्त्रिया त्या बालिकेच्या जन्माशी संबंधित होत्या, पण माता म्हणून पुढे येणारी एकही नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर तिला घेऊन जाण्यासाठी धडपडली ती तिची आजी.

२०२१ च्या सरोगसी कायद्याने, जो जानेवारी २०२२ पासून लागू झाला, मोबदल्याचा व्यवहार बंद केला. गर्भ वाढविणारी स्त्री २५ ते ३५ वयाची, विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे अपत्य असलेली असावी, तिने आयुष्यात एकदाच हे कार्य करावे आणि स्वतःचे बीज देऊ नये, अशा अटी आहेत. वैद्यकीय खर्च व विमा यांपलीकडे तिला काही घेता येत नाही. गरीब स्त्रीचे शोषण थांबावे, हा हेतू स्तुत्य आहे. पण विनामोबदला नऊ महिने कोण देणार? व्यवहारात नजर वळते ती घरातीलच एखाद्या स्त्रीकडे : धाकटी जाऊ, वहिनी, मावसबहीण. एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेला "नाही" म्हणण्याची कितपत मुभा असते, हे वैद्याला सांगावयास नको. पूर्वी पैशाची निकड स्त्रीला तेथे आणीत होती. आता नात्याची भीड आणील.

अशी स्त्री गर्भिणीपरिचर्येसाठी आपल्याकडे आली, तर सुश्रुताचार्यांनी चौथ्या महिन्यात तिला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे हे विसरू नये. आपला डोहाळे हा शब्द तेथूनच आला. घरी डोहाळजेवण अपत्य घेणाऱ्या सुनेचे होते, आणि गर्भ वाढविणारी जाऊ पंगत वाढत असते. डोहाळे मात्र तिचे आहेत, आणि त्यांचा अनादर झाल्यास होणारी हानीही तिच्या व गर्भाच्या वाट्याला येणारी आहे. प्रसूतीनंतर तिचे स्तन्य, तिची सूतिकावस्था, तिचे मन याचा विचार घरात कोणी करीत नसेल, तर तो वैद्याने करावा.

कालक्रमही उलटू लागला आहे. पुण्यात २०१८ साली एका मातेने आपल्या दिवंगत मुलाच्या गोठवून ठेवलेल्या शुक्राणूंपासून, नात्यातील स्त्रीच्या उदरी, जुळी नातवंडे जन्मास घातली. मुलाला मेंदूचा अर्बुद झाला होता आणि उपचारांपूर्वी जर्मनीत त्याचे शुक्राणू जतन केले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका दिवंगत तरुणाचे जतन केलेले शुक्राणू त्याच्या आई-वडिलांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. पुत्रशोकाने पोळलेल्या त्या मातांना नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र पित्याच्या मृत्यूनंतर गर्भात आलेले, आजीच्या मांडीवर वाढणारे, वीस वर्षांचे होईल तेव्हा घरात सत्तरी ओलांडलेली माणसेच असतील, असे मूल हा कुटुंबाचा नवा प्रकार आहे, आणि त्याचा विचार त्या मुलाच्या बाजूनेही व्हावयास हवा.

आपल्या दारातील दोष

इतरांच्या तंत्रज्ञानाविषयी एवढे लिहिल्यावर स्वतःकडे पाहणे भाग आहे.

महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालील मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम, १९८८ साली, कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती. कुटुंबाचे स्वरूप तंत्रज्ञान किती बदलू शकते याचा सर्वांत मोठा पुरावा नळीतील गर्भ नसून सोनोग्राफीचे यंत्र आहे.

पण यंत्र आपल्याकडे नाही म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यातील लिंगनिवडीच्या व्याख्येत, गर्भ विशिष्ट लिंगाचा व्हावा किंवा तशी शक्यता वाढावी या हेतूने काहीही देणे किंवा लिहून देणे, हेही समाविष्ट आहे. पुंसवनाच्या नावाखाली "मुलगाच होईल" असे सांगून दिलेली पुडी या व्याख्येत बसते. तशी जाहिरात करणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. औषधी व्यावसायिकांनी ध्यानात ठेवावे की स्त्रीवंध्यत्व बरे करण्याची हमी देणारी जाहिरातही १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याखाली येते. फलघृताच्या पाठातील फलश्रुती ग्रंथात असू द्यावी. ती बाटलीच्या वेष्टनावर येऊ नये.

दुसरा दोष माझा स्वतःचा आहे. लेखाच्या आरंभी जिचा उल्लेख केला ती स्त्री माझ्या परिचयाची होती. मूल होण्यापूर्वी चौदा महिने ती माझ्याचकडे वंध्यत्वाची चिकित्सा घेत होती. मी तिला फलघृत दिले, बस्ती दिले, पथ्ये सांगितली. तिच्या पतीला एकदा पाठवून द्या, असे दोन-तीनदा म्हणालो. त्यांना वेळ नाही, असे उत्तर आले, आणि मी आग्रह धरला नाही. घरातील ज्येष्ठ मंडळींशी माझे संबंध होते, भीड पडली. पुढे वंध्यत्व-चिकित्सा केंद्रात एका दिवसात, काही शे रुपयांत, जी शुक्रपरीक्षा झाली, तिच्यात शुक्राणूंचा पूर्ण अभाव निघाला. त्या चौदा महिन्यांत गावाने तिला वांझ म्हटले, ओटी भरण्याच्या कार्यक्रमांतून टाळले. माझ्या चिकित्सालयाच्या पायऱ्या दरमहा ती एकटीच चढत होती, आणि दोष कोणाचा हे पाहणाऱ्याला त्यातूनच कळत होते. त्या समजुतीला माझ्या औषधाने पुष्टी दिली.

त्या घरातील गुपिताची सुरुवात वंध्यत्व केंद्रात झाली नाही. ती माझ्या खोलीत, पतीला न तपासण्याच्या भिडेतून झाली, असे आज मला वाटते.

वैद्याने काय करावे

अनुभवातून काही गोष्टी मी ठरवून घेतल्या आहेत. वंध्यत्वासाठी येणाऱ्या दांपत्याची पहिली भेट दोघांची एकत्र असावी. शुक्रपरीक्षेचा अहवाल हाती आल्याखेरीज स्त्रीला औषध सुरू करू नये. सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाचा वाटा असतो. शुक्राणू कमी असतील तर आपल्या शास्त्रात वाजीकरणापासून पंचकर्मापर्यंत करण्याजोगे पुष्कळ आहे. त्यांचा पूर्ण अभाव असेल तर त्याचे कारण आधुनिक तपासणीने निश्चित करून घ्यावे, उगीच आशा दाखवू नये. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर आपल्या औषधासाठी घालवलेला प्रत्येक महिना तिच्या ऋतूतून वजा होत असतो.

शरीरबाह्य फलनाचे उपचार चालू असता आपली औषधे चोरून देऊ नयेत. तेथील चिकित्सकाला त्यांची यादी लिहून द्यावी. औषधविक्रेत्यांनीही अशा रुग्णांना "हे घ्या, याने गुण येतो" असे परस्पर सांगू नये.

रुग्णपत्रिकेत कुलवृत्त, गर्भवृत्त आणि गृहवृत्त असे तीन स्वतंत्र प्रश्न असावेत : बीज कोणाचे, गर्भ कोणी वाढविला, मूल कोणत्या घरात वाढले. हे प्रश्न आई किंवा वडिलांना एकांतात विचारावेत, आजी-आजोबांसमोर नव्हे. उत्तर द्यावयाचे नसेल तर रकाना रिकामा राहिला तरी चालेल, खोटे वृत्त त्याहून वाईट. ही नोंद कंपाउंडरच्या हाती पडेल अशा जागी ठेवू नये.

आणि सर्वांत अवघड गोष्ट : मुलाला सांगण्याविषयी. ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासून दात्याची अनामिकता रद्द केली. तेव्हापासूनच्या दात्यांची मुले अठरा वर्षांची झाल्यावर दात्याची ओळख मागू शकतात. स्वीडनने हे १९८५ सालीच केले. आपल्या कायद्यात दाता अनामिक आहे आणि अपत्याला तसा हक्क दिलेला नाही. पण घरबसल्या लाळेवरून जनुकचाचणी करून देणाऱ्या कंपन्या आल्यापासून, जे कायदा सांगत नाही ते यंत्र सांगून मोकळे होते. मुलाने सत्य कधीतरी कळून घ्यावयाचेच असेल, तर ते ज्यांनी वाढवले त्यांच्या तोंडून, लहानपणी, सोप्या शब्दांत कळावे, असे माझे मत आहे. ते सांगण्याचा निर्णय मात्र माता-पित्यांचा आहे. वैद्याने फार तर तो विषय काढावा, आणि काढलेला विषय आपल्याच जवळ ठेवावा.

दिवाळीनंतर त्या मुलाचे आई-वडील दोघे मिळून आले. पतीला मी प्रथमच माझ्यासमोर खुर्चीत बसलेले पाहत होतो. बारा वर्षांपूर्वी आग्रह न धरल्याबद्दल मी दोघांची क्षमा मागितली. ते बराच वेळ खाली पाहत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आता सांगितलं, तर तो मला बाबा म्हणेल का?"

मी त्यांना षड्भावांचे प्रतिपादन सांगितले नाही. रात्री श्वास लागला की मुलाला मांडीवर टेकवून कोण बसते, एवढेच विचारले. "मीच," ते म्हणाले. "तिला झोप लागते, मला लागत नाही."

त्यांनी अजून मुलाला सांगितलेले नाही. त्याचा दमा यंदा बराच आटोक्यात आहे. त्याच्या रुग्णपत्रिकेतील ती ओळ मी खोडली आहे. तेथे पितृकुल अज्ञात, एवढीच नोंद आहे. तिच्या खालची गृहवृत्ताची जागा मात्र मी त्या दिवशी पूर्ण भरली.